हिरव्या तारेचा अर्थ

चिन्ह आणि अर्थ यांच्यातील नाते यादृच्छिक असते, हे वाक्य एम. ए.च्या वर्गात आम्ही दोघांनी मिळून किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. सोस्यूरचे नाव घ्यावे, झाडाला झाड म्हणण्याचे कारण झाडात नसते हे सांगावे आणि मग वाहतुकीच्या दिव्यांकडे वळावे, असा आमचा ठरलेला क्रम आहे. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला. उलटे ठरले असते तरी अडले नसते, सर्वांनी तसे मानले म्हणजे झाले. विद्यार्थी मान डोलावतात, परीक्षेत टीप लिहितात, आणि सिद्धान्त पोचला असे आम्हीही समजतो. परंतु एकाच तारेच्या दोन टोकांना एकाच रंगाचे दोन वेगळे अर्थ लावले गेले तर काय होते, हे पाहण्याचा योग वर्गात येत नाही. तो आम्हांला महाविद्यालयाच्या गच्चीवर आला. विषय रूक्ष वाटेल. साहित्याच्या वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

आमचे महाविद्यालय विदर्भात आहे. ग्रंथालयाचे वाचनदालन आणि त्याला लागून असलेली जुन्या नियतकालिकांची खोली, ही दोन्ही सर्वांत वरच्या मजल्यावर आहेत. मे महिन्यात वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो. या खोलीत देणगीदाखल आलेले बांधीव खंड आहेत. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’चे काही, का. र. मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मनोरंजना’चे काही. संच पूर्ण नाहीत, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मूळ अंक हातात घेऊन वाचता येतो, एवढे ऐश्वर्य आमच्यासारख्या ठिकाणी पुरेसे आहे. जुना लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लधर्मी असतो. उष्णता आणि दमटपणा यांनी तो लवकर पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून व्यवस्थापनाने काही वर्षांपूर्वी गच्चीवर वातानुकूलनाचे पॅकेज युनिट बसवले, आणि ग्रंथालय समितीवर मराठी विभागाचे प्रतिनिधी म्हणून त्याची देखरेख आम्हा दोघांकडे आली.

वातानुकूलन आणि कागद यांचे नाते मात्र आमच्या ग्रंथालयापेक्षा पुष्कळ जुने आहे. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी जी योजना आखली, ती आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानली जाते. तिथे प्रश्न माणसांच्या सुखाचा नव्हता. हवेतील दमटपणा कमीजास्त झाला की कागद फुगे किंवा आकसे, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमक्या जागी बसत नसे. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने या तंत्राला इंग्रजी नाव दिले. कागद आणि कापड यांच्यासाठी निघालेली युक्ती माणसांच्या वाट्याला नंतर आली. म्हणून वाचनदालनाच्या निमित्ताने जुन्या अंकांनाही गारवा मिळतो, असे आम्ही म्हणत नाही. क्रम खरे तर उलटा आहे.

गच्चीवरचे हे यंत्र म्हणजे पत्र्याची एक मोठी पेटी. कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारे वेटोळे, हवा गार करणारे वेटोळे आणि ती हवा डक्टमधून खाली ढकलणारा ब्लोअर, असे सारे तिच्यात एकत्र असते. आमचे यंत्र दहा टनांचे. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ती क्षमता. बर्फाच्या लाद्या गेल्या, त्यांचे माप शब्दात राहिले.

या पेटीत विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था नांदतात. एक थोरली: तीन फेजची, ४१५ व्होल्टची, कॉम्प्रेसर आणि पंखे फिरवणारी. दुसरी धाकटी: २४ व्होल्टची, एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून निघणारी. धाकटीने काही फिरत नाही. ती फक्त सांगते. खाली दालनाच्या भिंतीवर साधारण पाच फुटांवर थर्मोस्टॅट असतो. उन्हापासून आणि डक्टच्या तोंडापासून तो दूर ठेवावा लागतो, नाहीतर तो दालनाचे तापमान न सांगता स्वतःचेच सांगत बसतो. दालन तापले की तो २४ व्होल्टचे एक वर्तुळ पुरे करतो. तो निरोप वर जातो, वाटेत दाब जास्त झाला तर अडवणारा स्विच, दाब कमी झाला तर अडवणारा स्विच, अशा एकापुढे एक जोडलेल्या चौक्या ओलांडतो आणि कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यात पोचतो. मग कॉन्टॅक्टर खट्कन मिटतो आणि थोरली वीज वाहू लागते. एका जरी चौकीने नकार दिला तरी कॉम्प्रेसर हलत नाही. महाविद्यालयात एखाद्या फाइलचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागू नये.

थर्मोस्टॅटची कळ शोधणारा मनुष्य आमच्याच पेशातला होता, हे कळल्यावर आम्हांला थोडा अभिमान वाटला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे शिक्षकांचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत वॉरेन जॉन्सन हे प्राध्यापक होते. थंडीच्या दिवसांत तापमान पाहायला शिपाई वर्गात शिरे, मग तळघरात जाऊन भट्टीची झडप सारी, आणि शिकवणे मोडे. त्यावर जॉन्सननी विजेचा थर्मोस्टॅट तयार केला आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळवले. खोलीचे तापमान तळघरातील माणसाला घंटेने कळावे, एवढाच मूळ हेतू. त्या थंड मुलुखात प्रश्न उबेचा होता. आमच्याकडे तो गारव्याचा आहे. परंतु अशी यंत्रे मुख्यतः अमेरिकी पद्धतीने घडवली जात असल्याने दोन्हींची सोय जोडपट्टीवर असते.

या जोडपट्टीवर इंग्रजी अक्षरे असतात. आर म्हणजे २४ व्होल्टचा उगम. सी म्हणजे विजेने जिथे परतायचे ते टोक. वाय म्हणजे गारवा. जी म्हणजे ब्लोअर. डब्ल्यू म्हणजे ऊब. यांतील बहुतेक अक्षरे रंगांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे आहेत, आणि प्रघात असा की आरला लाल, वायला पिवळी, जीला हिरवी आणि डब्ल्यूला पांढरी तार जोडावी. ज्या यंत्रात शीतकाचा प्रवाह उलटवून गारव्याऐवजी ऊब मिळवता येते, तिथे ओ आणि बी अशी आणखी दोन अक्षरे येतात. दोन्हींचे काम एकच, झडप फिरवणे. पण ओ असेल तर झडपेला गारव्याच्या वेळी वीज मिळते, बी असेल तर उबेच्या वेळी. आमच्या यंत्रात ही भानगड नाही, आणि डब्ल्यूची जागा तर रिकामीच आहे. आपल्या वर्णमालेत ‘ऌ’ जसा एका ‘क्लृप्ती’साठी जागा अडवून बसला आहे, तसा हा डब्ल्यू, विदर्भात त्याला तेवढेही काम नाही.

आता रंगांकडे यावे. आपल्या देशातल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला संकेत निराळा आहे. लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. म्हणजे गच्चीवरच्या त्या पेटीत, हातभर अंतरात, एक पिवळी तार ‘गार कर’ असा २४ व्होल्टचा निरोप नेणारी आणि दुसरी पिवळी तार ४१५ व्होल्टच्या व्यवस्थेतला जीवघेणा फेज. एक हिरवी तार ब्लोअरला हाक मारणारी. दुसरी हिरवी तार एरवी काहीही वाहून न नेणारी, बिघाडाच्या क्षणी माणसाला वाचवण्यासाठी जमिनीत गेलेली. दोन भाषा, एकच लिपी. आणि संकेत बदलतातही. ब्रिटनमध्ये पूर्वी निळी तार फेज होती आणि काळी न्यूट्रल. २००४ पासून नवे युरोपीय रंग आले आणि २००६ पासून ते सक्तीचे झाले, तेव्हा निळी न्यूट्रल ठरली आणि काळी फेज. दोन्ही काळांच्या तारा ज्या इमारतीत एकत्र आहेत, तिथे सावधानतेची पाटी लावावी लागते. शब्दाचा अर्थ शतकांत पालटतो असे आपण शिकवतो. इथे तो अगदी उलट होऊन दोन वर्षांत पालटला.

२०२३ च्या एप्रिलमध्ये गच्चीवर वानरांनी थर्मोस्टॅटची केबल कुरतडली. महाविद्यालयाच्या रोजच्या कामांना येणाऱ्या वायरमनने नवी केबल टाकली, आणि गंजलेला आयसोलेटरही त्याच वेळी बदलून दिला. काम स्वच्छ होते. परंतु थर्मोस्टॅटने गारव्याची मागणी केली की तत्क्षणी त्याचा पडदा काळा पडे आणि यंत्रातला तीन अँपिअरचा चिमुकला फ्यूज गेलेला असे. दोनदा फ्यूज बदलला, दोनदा गेला. तिसऱ्या वेळी कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा पीळ बसवला. फ्यूज गेला नाही; ट्रान्सफॉर्मर जळाला. पुढले तीन आठवडे यंत्र बंद राहिले. दालनातले विद्यार्थी खालच्या व्हरांड्यात बसू लागले. खंडांना मात्र व्हरांड्यात नेता येत नव्हते, आणि पावसाळा पुढे होता. एका खंडाची पाने ग्रंथपालांनी आम्हांला दाखवली. बोट लावले की कोपरा हातात येत होता. तो काही तीन आठवड्यांचा परिणाम नव्हे, शंभर वर्षांचा. पण त्यात आपण भर घालत आहोत, ही जाणीव स्वस्थ बसू देईना.

अखेर वातानुकूलनाचे काम करणारे एक तंत्रज्ञ आले. पन्नाशीचे, आयटीआयमध्ये शिकलेले. आम्ही त्यांना भाऊ म्हणू लागलो, ते आम्हांला सर आणि मॅडम. त्यांनी काय केले ते क्रमाने सांगितले पाहिजे, कारण क्रमातच सारे होते. प्रथम त्यांनी आपला मीटर खाली चालू सॉकेटवर लावून पाहिला. मग गच्चीवर आयसोलेटर बंद केला, त्याला स्वतःचे कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. मग यंत्रातल्या तिन्ही फेजांवर मीटर धरला, शून्य आले. एवढ्यावर समाधान मानतील तर ते भाऊ कसले? ते पुन्हा खाली गेले आणि तोच मीटर पुन्हा त्याच चालू सॉकेटवर लावून आले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “मीटर मधातच मेला असंन तर तोही शून्यच दाखवते, सर.” शून्य हा विजेचा अभाव की साधनाचा अभाव, हे ठरवल्याशिवाय त्यांनी हात घातला नाही. एखाद्या कवितेत आपल्याला काही सापडले नाही म्हणजे तिच्यात काही नाही, असे म्हणण्यापूर्वी मीटर तपासण्याची ही रीत समीक्षेतही असावी, असे आम्हांला वाटून गेले.

यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याने चिकटवलेली वायरिंगची आकृती होती. भाऊंनी ती वाचली, पण तिच्यावर विसंबले नाहीत. प्रत्येक तार दोन्ही टोकांना सोडवून, कोणती तार कोणत्या तारेशी आणि कोणती यंत्राच्या सांगाड्याशी जुळते, हे त्यांनी एकेक करून पाहिले आणि आकृतीशी ताडले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली आरंभलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती आम्ही पाठचिकित्सा शिकवताना समोर ठेवतो. तिथे हस्तलिखिते एकमेकांशी ताडली जातात. इथे छापील आकृती आणि प्रत्यक्षातली जोडणी असे दोन पाठ होते. पाठभेद एकाच जागी निघाला. खाली थर्मोस्टॅटमध्ये हिरवी तार जी या अक्षराला होती. वर मात्र ती जीला नसून सांगाड्यावरच्या अर्थिंगच्या स्क्रूखाली आवळलेली होती. स्क्रूशेजारी कुणीतरी मार्करने देवनागरीत लिहिले होते: ‘अर्थ’.

आम्ही दोघे त्या शब्दाकडे पाहत राहिलो. भाऊंना त्यात पाहण्यासारखे काही वाटले नाही. त्यांनी उलगडा केला तो असा: या यंत्रात ट्रान्सफॉर्मरचे सी टोक सांगाड्याला जोडलेले आहे. थर्मोस्टॅटने गारवा मागितला की तो वायबरोबर जीलाही वीज देतो. ती हिरव्या तारेने वर येते, आणि ब्लोअरच्या रिलेतून जाण्याऐवजी थेट सांगाड्यावर, म्हणजे सीवर, आपटते. वाटेत काही काम नाही, काही अडथळा नाही. म्हणून फ्यूज जातो. फ्यूजने आपले काम चोख केले होते. त्याचे ‘नाही’ ऐकायचे नाही असे ठरल्यावर ट्रान्सफॉर्मरला जळण्याखेरीज गत्यंतर उरले नाही.

यात त्या वायरमनला दोष देणे आम्हांला जमत नाही. हिरवी म्हणजे अर्थिंग, हा त्याचा आयुष्यभराचा, आणि त्याच्या व्यवस्थेत अगदी अचूक, संकेत. त्याने हयगय केली नव्हती. उलट अर्थिंग राहू नये म्हणून तो स्क्रू नीट आवळला होता. भोजनाला बसलेल्याने ‘सैंधव’ मागितले तर मीठ द्यावे आणि प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा, हे शास्त्रकारांचे जुने उदाहरण आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ शेजार, प्रकरण, स्थळ, काळ यांवरून ठरतो, असे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त नोंदवले आहे. पण त्यासाठी आपण दोन प्रकरणांच्या सीमेवर उभे आहोत, हे आधी माहीत असावे लागते. ज्याला एकच प्रकरण ठाऊक आहे, त्याला शंका येण्याचे कारणच नसते. भाऊंनी हेच कमी शब्दांत सांगितले: “रंगाले काय पाहता सर, टर्मिनल पाहा.”

नवा ट्रान्सफॉर्मर बसला, तीन अँपिअरचा फ्यूज बसला, हिरवी तार जीखाली गेली. तरीही भाऊंनी यंत्र सुरू केले नाही. आयसोलेटर बदलला गेला होता, म्हणून त्यांनी तीन फेजांचा क्रम तपासला. मराठीत ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ यांत कोण मेले याविषयी संशय नसतो, कारण विभक्तिप्रत्यय शब्दाला सोडत नाहीत. तीन फेजांना प्रत्यय नसतात. क्रम हाच त्यांचा सारा अर्थ. दोन तारांची अदलाबदल झाली तर आमच्या यंत्रातल्यासारखा स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, आवाज करतो, गारवा देत नाही आणि तसाच चालू ठेवला तर खराब होतो. क्रम बरोबर निघाला. मग ब्लोअर सुरू झाला. काही मिनिटांचा ठरवून दिलेला विलंब सरल्यावर कॉन्टॅक्टर मिटला आणि कॉम्प्रेसर चालू झाला.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे काम त्यानंतर झाले. सोस्यूरचे पुस्तक सोस्यूरने लिहिलेले नाही. १९१३ साली तो वारला, आणि जिनिव्हातील त्याच्या व्याख्यानांना बसलेल्या विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९१६ साली ते सिद्ध झाले. टिपणे घेतली गेली नसती तर आज आम्ही काय शिकवले असते, कोण जाणे. भाऊंचे ज्ञानही बोलण्यातच होते. तेव्हा ते सांगतील तसे लिहून घ्यावे आणि पेटीत चिकटवावे, असे आम्ही ठरवले. मराठीचे प्राध्यापक असल्याने परिभाषा आम्ही पुरवू, असे आम्हांला वाटले होते. सी या अक्षरापुढे आम्ही ‘समाईक’ लिहिले. भाऊ म्हणाले, “परतीची लिहा. वीज तिच्यातून परत येते.” समाईक हा नुसता अनुवाद होता, परतीची हे त्या तारेचे काम होते. डब्ल्यूपुढे आम्ही ‘उष्णता’ लिहिले होते, तेही त्यांनी खोडायला लावले. “रिकामी लिहा. उष्णता लिहान तर कोणी येऊन काही जोडून देईन.” जीपुढे ‘ब्लोअर’ आले, आणि कंसात, त्यांच्याच आग्रहाने, ‘हिरवी असली तरी अर्थिंग नाही’. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लागल्या. पारिभाषिक शब्द कोणी घडवावेत, हा आपल्याकडचा जुना वाद. निदान हे पाच शब्द तरी, ज्याच्या हातात पक्कड होती त्याने घडवले आणि आम्ही केवळ शुद्धलेखन पाहिले.

यंत्राच्या देखभालीचे कंत्राट दर वर्षी नव्याने निघते आणि कमी दराच्या निविदेला मिळते. पुढल्या वेळी भाऊच येतील, याची खात्री नाही. दोन भाषांपैकी कोणती घेऊन कोण येईल, हेही सांगता येत नाही. म्हणून त्या कागदाची एक प्रत पेटीच्या झाकणाच्या आत, कारखान्याच्या आकृतीशेजारी आहे, आणि दुसरी आमच्या ग्रंथपालांनी रीतसर दाखल करून घेतली. नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात कोणाचे नाव घालावे, असे त्यांनी विचारले. आम्ही भाऊंकडे पाहिले.

“नाव राहू द्या,” ते म्हणाले. “तारीख टाका. यानंतर कोणी वायर हलवली तर हा कागद खोटा पडते, हे पुढच्या माणसाले समजलं पाहिजे.”

कागदावर ९ जून २०२३ ही तारीख आहे. त्यानंतरची प्रत्येक तपासणी तिच्याखाली लिहिली जाते.